अकरा मिनिटांत ‘सुपरस्टार’: धार्मिक म्युझिकल मैदानावर आणताना

तुमच्या प्रश्नातला मुद्दा आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. टेक्सासात तुम्ही एका हायस्कूलच्या मार्चिंग बँडला पर्कशन शिकवता आणि उन्हाळ्यात एका ड्रम कोअरच्या (ब्रास, पर्कशन आणि झेंडेवाल्यांचं, फुटबॉलच्या मैदानावर शो करून स्पर्धेत उतरणारं पथक) डिझाइन टीममध्ये असता. पुढच्या हंगामाला येशूच्या शेवटच्या आठवड्यावरचं रॉक म्युझिकल ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ घ्यायचं चाललंय. प्रोग्राम कोऑर्डिनेटरनी आठ गाण्यांची यादी काढलीय. कोअरच्या बोर्डावरच्या काही जणांना धर्माचा विषयच नको आहे. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, की आपलं ‘सौभद्र’ असं मैदानावर आणता येईल का.

आठ गाणी नकोत, हे सगळ्यात आधी. शो अकरा मिनिटांचा धरला तर एकेका गाण्याच्या वाट्याला ऐंशीएक सेकंद येतात. तेवढ्यात प्रेक्षक फक्त गाणं ओळखतो, आणि ओळखून होईपर्यंत पुढचं सुरू झालेलं असतं. शंभरापैकी चाळीस गुण जनरल इफेक्टचे, म्हणजे एकूण परिणामाचे असतात. ओळखीच्या चालींची माळ ओवून ते मिळत नाहीत. चार गाणी घ्या, त्यातलं एक निम्मं, आणि शेवटी खटल्याचा प्रवेश. आणि येशूची गोष्ट सांगायला जाऊ नका. त्याच्याकडे बघणाऱ्यांची सांगा: त्याला धरून देणाऱ्या यहूदाची आणि गर्दीची. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. पुढचा पसारा तो कसा साधायचा याचा.

बोर्डाला एक गोष्ट जरूर ऐकवा. ड्रम कोअर आणि धर्म यांची ओळख आजची नाही. न्यू जर्सीतल्या गारफील्डच्या होली नेम पॅरिशने (कॅथलिक चर्चच्या स्थानिक मंडळीने) 1934 साली मुलांसाठी जे पथक काढलं, तेच पुढे ‘द कॅडेट्स’ म्हणून गाजलं. नेवार्कचं ‘ब्लेसेड सॅक्रामेंट गोल्डन नाइट्स’ तर चर्चचंच नाव मिरवत मैदानात उतरायचं. माजी सैनिकांच्या संघटना आणि कॅथलिक पॅरिश, या दोघांच्या खांद्यावर हा प्रकार मोठा झाला. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ 1972 पासून स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा घ्यायला लागली, तोवर या मुलांच्या हातातले बिगूल बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या पाद्रीबाबांनी वर्गणी काढून घेतलेले असायचे.

विषय म्हणूनही धर्म वरचेवर येत राहिलाय. सांता क्लारा व्हॅनगार्डने सत्तरच्या दशकात यहुदी कुटुंबाची गोष्ट सांगणारं म्युझिकल ‘फिडलर ऑन द रूफ’ घेतलं आणि त्यातला बॉटल डान्स ही त्या कोअरची ओळखच होऊन बसली. 1992 साली त्यांनी पुन्हा पूर्ण ‘फिडलर’ केलं. स्टार ऑफ इंडियानाने 1990 मध्ये वॉल्टनचं ‘बेलशाझर्स फीस्ट’ केलं. ते म्युझिकल नाही, पण बायबलमधलंच. कॅडेट्सनी 2011 ची स्पर्धा ‘बिट्वीन एंजल्स अँड डीमन्स’ नावाच्या शोने जिंकली. आणि तुमच्या थेट कामाचं उदाहरण म्हणजे मॅडिसन स्काउट्सचा 2016 चा ‘जूडस’. ‘सुपरस्टार’चंच संगीत, पण शोचं नाव यहूदाचं. तो शो मिळवून बघा. नक्कल करू नका, पण कुणाच्या डोळ्यांनी गोष्ट बघायची हे त्यांनी नावातच ठरवून टाकलं होतं, तेवढं घ्या.

आता, कथा का सांगायची नाही? रंगमंचावर नट हातभर अंतरावर असतो, त्याचे शब्द कळतात, भुवई उडाली तरी दिसते. मैदानावर पुढच्या साइडलाइनपासून मागच्या साइडलाइनपर्यंत 160 फूट खोली आणि गोलपोस्टच्या दिशेने 100 यार्ड लांबी. प्रेक्षक तिसाव्या-चाळिसाव्या रांगेत. 2004 पासून मायक्रोफोन चालतो, 2009 पासून सिंथ चालतो, म्हणून निवेदन घालायचा मोह सगळ्यांना होतो. मी तो टाळते. निवेदन आलं की प्रेक्षक ऐकायला लागतो आणि बघायचं थांबतो, आणि दीडशे मुलांनी उन्हात महिनोन्महिने घासलेलं ड्रिल (चालत चालत आकार बदलण्याची आखणी) मागच्या पडद्यासारखं होऊन जातं. शिवाय येशूच्या शेवटच्या आठवड्याची गोष्ट अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये कुणाला सांगायची? ती लोकांना पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टीत फक्त ‘कुठून बघतोय’ एवढंच नवं असू शकतं.

मैदान एका बाबतीत रंगमंचाला कधीच हार जात नाही, ते म्हणजे गर्दी. ब्रॉडवेवर गर्दी वीस-पंचवीस जणांची, तुमच्याकडे खरीखुरी. आणि या गोष्टीत गर्दीच सगळ्यात भयंकर पात्र आहे. रविवारी होसान्ना म्हणणारे लोक शुक्रवारी वधस्तंभाची मागणी करतात. म्हणून ‘होसान्ना’ आणि खटल्याचा प्रवेश यांना एकच ड्रिल द्या. पहिल्यांदा मोठा ब्लॉक (चौकोनी घोळका) 32 काउंटमध्ये, म्हणजे 32 पावलांत, उघडून एका एकट्या आकृतीभोवती वर्तुळ होतो; सगळ्यांची तोंडं आत, गार्डच्या, म्हणजे झेंडे फिरवणाऱ्या मुलांच्या, हातात हिरवी सिल्क्स (झेंड्यांची कापडं). खटल्याला तेच 32 काउंट, त्याच वाटा, तीच पावलं, फक्त उलट क्रमाने आणि वेग वाढवून. सिल्क दुहेरी शिवून घ्या, आतली बाजू गडद लाल. मुलांना दोन वेगळे सेट पाठ करावे लागत नाहीत हा वरचा फायदा. व्हिज्युअलच्या जजला हे पहिल्या वाचनातच कळतं, आणि ज्याला ड्रिलमधलं ओ की ठो कळत नाही त्या आजीबाईंनाही पोटात काहीतरी हलल्याचं जाणवतं.

इथेच एक खड्डा आहे, आणि तो झाकून ठेवायचा नाही. ‘सुपरस्टार’मध्ये कयफा हा यहुदी मुख्य याजक अगदी खालच्या पट्टीत गातो. ट्यूबांना ते आयतंच सापडतं आणि काळ्या झग्यातली खलनायकांची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. नका करू. येशूच्या मरणाचं खापर यहुद्यांवर फोडणाऱ्या पॅशन-नाटकांचा युरोपातला इतिहास वाईट आहे. बव्हेरियातल्या ओबरअमरगाऊचं नाटक 1634 पासून चालू आहे आणि विसाव्या शतकात टीका झाल्यावर त्यांनाही संहिता बदलावी लागली. ‘सुपरस्टार’ 1971 च्या ऑक्टोबरात ब्रॉडवेवर उघडलं तेव्हा ख्रिस्ती आणि यहुदी, दोन्ही बाजूंचे लोक निषेधाला आले होते. (ते मार्क हेलिंजर थिएटर आता चर्च झालंय. न्यूयॉर्कला गेलात तर बाहेरून बघून या.) दबाव गर्दीकडून येऊ द्या, सत्तेकडून येऊ द्या. कुणाच्या धर्माच्या वेषातून येऊ देऊ नका. संवाद नसलेल्या माध्यमात वेष हाच संवाद असतो, आणि खुलासा करायला तुम्ही माइकवर जाऊ शकत नाही.

आता संगीत. माझ्या मते निवड अशी: ओपनरला यहूदाचं ‘हेवन ऑन देअर माइंड्स’, मग ‘होसान्ना’तून ‘द टेंपल’मध्ये, बॅलड ‘गेथसेमनी’, आणि क्लोजरला खटला.

‘हेवन’चा गिटार रिफ सगळ्यांच्या ओळखीचा. तो लगेच ट्रंपेटला देऊन टाकू नका. आधी मारिंबा आणि बास ड्रममध्ये फोडा. पाच बास ड्रमांचे पाच सूर असतात, रिफचा सांगाडा त्यात बरोब्बर बसतो. यहूदा हा सगळ्यांच्या आधी धोका दिसलेला माणूस आहे. त्याला मागच्या साइडलाइनवर एकटं उभं करा आणि पुढे चालत येऊ द्या. साडेबावीस इंचांच्या नेहमीच्या पावलाने ती खोली पंच्याऐंशी काउंटांची आहे. 160 च्या टेंपोला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. कोअर त्याच्या आडवं जात राहील आणि तो सरळ रेषेत येत राहील. एवढ्यात नायक कोण हे कळतं, पाटी लावावी लागत नाही.

‘द टेंपल’ सातच्या मीटरमध्ये आहे. पावलं त्या सातात टाकायला जाल तर मुलं लंगडतील. दोन आवर्तनं मिळून सरळ सात पावलं होतात. पाय ती पावलं टाकतील, विषमता वरच्या अंगाला आणि स्नेअरला द्या. लक्षात ठेवा, दर दोन आवर्तनांनी पुढचा डावा-उजवा बदलतो. पहिल्या आठवड्यात यावरून शिव्या पडतील. आणि या गाण्यात ओरडा मागे-पुढे फेकायचा मोह होईल, डावीकडचे विचारतात, उजवीकडचे उत्तर देतात, तसा. आवाज सेकंदाला सुमारे 1125 फूट जातो. मागच्या साइडलाइनचा ठोका पुढच्या साइडलाइनवर एक सप्तमांश सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे 170 च्या टेंपोला बीटच्या चाळीस टक्के. गोल ते गोल अंतर असेल तर जवळजवळ दुप्पट. तुम्ही पर्कशनचे, तुम्हाला मी काय सांगणार. पण ब्रासवाले हे विसरतात. बॅटरी (चालणारे ड्रम) मध्यावर मागे, पिटने (पुढे एका जागी मांडलेल्या मारिंबा वगैरे वाद्यांनी) मागचं ऐकून वाजवायचं, आणि डावी-उजवी फेकाफेक करायचीच असेल तर दोन्ही टोकं पन्नासच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या, रेघेपासून वीस यार्डांच्या आत.

‘एव्हरीथिंग्ज ऑलराइट’ तुमच्या यादीत आहे. पाच बीटचं, गोड, आणि मधे घातलं की शोची हवा निघून जाते. काढून टाका.

‘गेथसेमनी’वर मात्र जितका वेळ घालवाल तितका कमी. या गाण्यात येशू देवाशी भांडतो. मला मरायला का लावतोस, हे विचारतो, आणि शेवटी पेला स्वीकारतो. गायकाचा आवाज एका ठिकाणी ट्रेबल स्टाफच्या लगेच वरच्या जी पर्यंत फाटत जातो. 1970 च्या आल्बमवर ते इयन गिलनने केलं आणि तेव्हापासून प्रत्येक येशूची परीक्षा त्या स्वरावर होते. हे गाणं अरेंज करायला बसलेला प्रत्येक जण तो स्वर पहिल्या ट्रंपेटला देतो. आणि तिथेच गाणं मरतं. कारण लीड ट्रंपेटला तो जी सकाळच्या वॉर्मअपमध्येही लागतो. माणसाच्या गळ्यात जो स्वर जीव पणाला लावून निघतो, तो ट्रंपेटवर चकचकीत आणि सुखाचा होतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण त्या उंचीला वाजवतात.

माझी पद्धत वेगळी आहे. तोच स्वर मेलोफोनला (मधल्या पट्टीचं ब्रास वाद्य) द्या. त्या वाद्याच्या काठावर येतो, आवाज पातळ होतो, थरथरतो. किंवा सप्तक खाली उतरवून एकट्या बॅरिटोनला (त्याहून खालच्या पट्टीचं ब्रास वाद्य) द्या; त्याच्यासाठी तो जी छातीतून ढकलावा लागणारा आहे, आणि ढकललेला ऐकू येतो. ट्रंपेट तेव्हा गप्प. त्यानंतर चार काउंट पूर्ण शांतता, मेट्रोनोम फक्त ड्रम मेजरच्या हातात. मग सगळा ब्रास, अगदी हळू, साधी कोराल (चर्चच्या भजनासारखी संथ चाल). स्वीकार मोठ्या आवाजात होत नाही. हा तुकडा इंडोअरच्या हॉलमध्ये कधीच नीट ठरवता येत नाही, मैदानावर प्रेस बॉक्समध्ये (जज बसतात त्या वरच्या खोलीत) बसूनच बॅलन्स ठरवा. आणि सोलो वाजवणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून सांगा की स्वर तडकला तर तडकू दे. परफॉर्मन्सच्या जजचे अर्धा-एक दशांश गुण जातील. जाऊ द्यात.

आता येशूला मारलेले एकोणचाळीस फटके. म्युझिकलमध्ये रोमन सुभेदार पिलात ते मोजतो. आकडा येतो तो चाळिसाच्या मर्यादेवरून: बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात चाळिसांहून जास्त फटके मारू नयेत असा नियम आहे, आणि पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ‘चाळिसात एक कमी’ म्हणतो. ड्रिल लिहिणाऱ्याला हा आकडा म्हणजे देणगी आहे. आपण आठाच्या काउंटांत जगतो. पाच आठ म्हणजे चाळीस. पाच आठ लिहा, प्रत्येक काउंटला एक रिमशॉट (ड्रमच्या कडेसकट मारलेला कडक ठोका), आणि चाळिसावा काउंट रिकामा. आख्ख्या स्टेडियमच्या अंगात आठाची सवय भिनलेली असते. तो रिकामा काउंट लोकांना शारीरिक धक्का देतो. मोजणी तोंडाने करायची गरज नाही.

मारणारा आणि मार खाणारा दाखवू नका. त्याऐवजी असं करून बघा. बॅटरी आणि पिट सोडून तुमची ऐंशी मुलं असतील तर प्रत्येक ठोक्याला दोघांनी प्रेस बॉक्सकडे पाठ फिरवायची, तीही एकमेकांपासून लांबच्या दोघांनी, म्हणजे पुढे कोण वळणार याचा अंदाज लागत नाही. एकोणचाळिसाव्याला अठ्ठ्याहत्तर पाठमोरे. समोर तोंड करून उरतात दोन: सोलोवाला बॅरिटोन आणि यहूदा. यातली खरी गंमत आवाजात आहे. ठोके चालू असताना ब्रासने एकच लांब कॉर्ड धरून ठेवायचा, डायनॅमिक अजिबात न बदलता. वाद्यांची तोंडं मागे वळत जातील तसा तो कॉर्ड आपोआप काळवंडत, दूर जात जातो. कुणी हळू वाजवत नाही, तरी आवाज सोडून चाललाय असं वाटतं. सिंथने हे कधीच होणार नाही. श्वासाची आखणी मात्र आधी करा. चाळीस काउंट कुणीच एका दमात धरत नाही, शेजारच्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घ्यायचा. आणि रिमशॉट एकाच स्नेअरवर ठेवू नका, लाइनमधून फिरवा, नाहीतर तो एक मुलगा प्रेक्षकांच्या लेखी जल्लाद होतो.

(म्युझिकलच्या क्रमात यहूदा तोवर मेलेला असतो, हे कुणीतरी पुस्तकातलं बोट दाखवून सांगेलच. पण नंतरच्या शीर्षकगीतात तो परत येऊन प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला उभा ठेवायला मूळ नाटकाचीच मुभा आहे.)

शेवट कसा करायचा? ‘सुपरस्टार’ पुनरुत्थानापर्यंत जात नाही. वधस्तंभ, आणि मग योहान 19:41 या वचनाचं नाव असलेला एक छोटा वाद्यसंगीताचा तुकडा, बस. ते वचन बाग आणि नव्या कबरीबद्दल आहे. तुमच्या टीममध्ये दोन सूचना हमखास येतील. एक, शेवटी शीर्षकगीत ठेवून कंपनी फ्रंट (सगळे एका ओळीत प्रेक्षकांसमोर) आणि छप्पर उडवणारा कॉर्ड. दुसरी, पांढरी सिल्क्स काढून पुनरुत्थान दाखवा, पालक खूश होतील. पहिली समजू शकते; प्रेक्षकाला सुटका हवी असते, आणि ऑगस्टच्या फायनलला इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये हळू आवाजात संपणारा शो पुढच्या गोंगाटी शोच्या आधी विसरला जाण्याचा धोका खरा आहे. दुसरी मी मान्य करणार नाही. ती मूळ कृतीत नाही, आणि ती घातली की शो प्रवचन होतो. मग बोर्डावरच्या त्या लोकांचा आक्षेप बरोबर ठरतो. मी काय केलं असतं? मोठा आवाज खटल्याच्या गर्दीत खर्च करून टाकला असता, आणि शेवटचे चाळीस सेकंद पाठमोऱ्या कोअरला तो योहानचा तुकडा वाजवायला दिला असता.

प्रतीकांबद्दल थोडं रोखठोक बोलते, कारण भांडणं इथेच होतात. झेंड्यावर क्रूस छापू नका. काटेरी मुकुट नको, पवित्र पेला नको. गार्डचा झेंडा फेकला जातो, पडतो, गवतावर घासला जातो, पावसात चिखलात लोळतो, ट्रकमध्ये बुटांखाली येतो. एका कोअरमध्ये मी पाहिलंय: मोठ्या हौसेने सोनेरी क्रूस छापलेली सिल्क्स, वादळानंतरच्या ओल्या मैदानावर सराव, आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पालकांपैकी एक आजोबा शांतपणे आत येऊन एकेक झेंडा उचलून बेंचवर ठेवत होते. दुसऱ्या दिवशी सगळी सिल्क्स बदलली. खर्च किती आला हे विचारू नका. हाच नियम ‘फिडलर’ला. यहुदी प्रार्थनेची शाल हा पोशाखाचा तुकडा नाही. तसं वस्त्र वापरायचंच असेल तर आधी एखाद्या रब्बींना विचारा, ते आनंदाने सांगतात. शब्बाथच्या मेणबत्त्या तर तशाही चाळिसाव्या रांगेतून दिसत नाहीत.

आकार मात्र चालतो. क्रूस ड्रिलमध्ये आला तर तो काही सेकंद असतो आणि माणसांचा असतो. स्टार ऑफ इंडियानाच्या 1991 च्या शोमधली क्रूसातून क्रूसात जाणारी चाल आजही लोक दाखवतात, आणि त्या शोचा विषय रोमची चित्रं हा होता. मुलांना गुडघे टेकायला किंवा हात जोडायला लावायचं असेल तर आधी विचारा. तुमच्या कोअरमध्ये हिंदू, मुस्लिम, यहुदी, काहीच न मानणारी, आणि फार मनापासून मानणारी ख्रिस्ती मुलंही असतील. या शेवटच्यांना कधीकधी सगळ्यात जास्त त्रास होतो.

बोर्डाच्या कायद्याच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. कोअर ही खाजगी ना-नफा संस्था असेल तर धार्मिक विषय घ्यायला तिला कुणाची आडकाठी नाही. तुमचं हायस्कूल सरकारी असेल तर गोष्ट वेगळी: धार्मिक संगीत शिकवायला, वाजवायला बंदी नाही, पण हेतू शैक्षणिक असला पाहिजे आणि ते उपासनेसारखं होता कामा नये. तोच शो उचलून शाळेत नेऊ नका.

परवानगी हा कंटाळवाणा भाग, पण शो इथेच बुडतात. ‘सुपरस्टार’ 1970 चं. अमेरिकेत त्या काळातल्या कृतीला प्रसिद्धीपासून 95 वर्षं संरक्षण आहे, म्हणजे आपल्या हयातीत ते मोकळं व्हायचं नाही. अरेंजमेंटचा एक बार लिहिण्याआधी प्रकाशकाची लेखी परवानगी हवी. व्हिडिओ आणि स्ट्रीमिंगचे हक्क वेगळे, ते अरेंजमेंटच्या पत्रात आलेच असं धरून चालू नका. आणि पात्रांची नावं, संवाद, वेष, प्रवेश असं सगळं आलं, की प्रकाशक विचारू लागतो की तुम्ही गाणी वाजवताय की नाटक करताय. नाटकाचे हक्क हा निराळाच आणि महागडा मामला आहे. निवेदन नको, यहूदाला नावाने हाक मारायची नको, हे मी कलेसाठी सांगत होते, पण ते इथेही कामाला येतं. नकार आला तर रडत बसू नका. लोकपरंपरेतली जुनी भजनं आणि मध्ययुगीन चर्चगीतं कुणाच्या मालकीची नाहीत. फक्त सावध राहा: ‘सिंपल गिफ्ट्स’ ही शेकर पंथाची 1848 ची चाल मोकळी आहे, पण संगीतकार कॉपलंडने ‘ॲपलेचियन स्प्रिंग’मध्ये तिचं जे केलंय ते मोकळं नाही.

पर्याय म्हणून येशूच्या दाखल्यांवरचं म्युझिकल ‘गॉडस्पेल’ सुचवलं जाईल. ते दहाएक नटांचं, अंगणात खेळल्यासारखं नाटक आहे. मैदानावर हरवून जातं. पण त्यातलं ‘प्रिपेअर यी’ ओपनर म्हणून सोन्यासारखं. बायबलमधल्या यशयातली एक ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी एक थर वाढत. नाटकात सुरुवातीला शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकतात. तुम्ही मागच्या कोपऱ्यातून एकटा मेलोफोन ठेवा. बायबलमधल्या योसेफावरच्या ‘जोसेफ’ या म्युझिकलचा विचार मात्र गंभीरपणे करा. 1968 साली लंडनच्या एका शाळेसाठी ते पंधरा मिनिटांचं लिहिलं गेलं, नंतर फुगत गेलं. म्हणजे त्याचा मूळ जीवच आपल्या मापाचा. आणि रंगीत अंगरखा गार्डला आयता मिळतो: प्रत्येकाच्या हातात एका रंगाचा पट्टा, पन्नासच्या रेघेवर अंगरखा जुळतो आणि भावांच्या हातून फाटतो.

राहता राहिलं ‘सौभद्र’. अण्णासाहेब किर्लोस्करांचं नाटक 1882 चं आणि ते वारले 1885 ला, त्यामुळे हक्कांची कटकट नाही. तरी मी घेणार नाही. त्यातली मजा कृष्णाच्या मिश्किलीत आणि संन्यासी बनलेल्या अर्जुनाच्या फजितीत आहे, आणि ती सगळी बोलण्यातली. पदांचा जीव मींड आणि हरकतींत. व्हॉल्व्हच्या वाद्यांवर त्या पायऱ्या पायऱ्यांनी उतरतात. 2014 पासून ट्रॉम्बोन चालतो, पण एका ट्रॉम्बोनवर नाट्यपदांचा शो उभा राहत नाही.

आपल्याकडचंच काही करायचं असेल तर नाटक सोडा आणि वारीतलं रिंगण बघा. मोकळं मैदान, कडेने माणसांची वर्तुळं, टाळ-पखवाज, पावली, मधून दौडणारा घोडा. ड्रिल लिहिणाऱ्याला यात काय दिसेल ते मी सांगायला नको. पालखी आणि पादुका मात्र आणू नका, झेंड्यांबद्दल जे म्हटलं त्याच कारणासाठी. पताका भगव्या ठेवल्यात तर त्या फेकायच्या नाहीत, फक्त धरून चालायचं. तसा काही आराखडा केलात तर काउंट शीट मला धाडा. घोड्याच्या जागी तुम्ही कोणाला पळवताय ते मला बघायचंय.